‘वरून हुकूम होता’ एवढं पुरत नाही: जमाव, गोळीबार आणि सैनिकाचं कर्तव्य

भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ खाली एक छोटं उदाहरण दिलेलं आहे. एक सैनिक वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, जमावावर गोळी झाडतो. त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. इंग्रजांच्या काळातल्या दंडसंहितेत हेच उदाहरण कलम ७६ खाली होतं. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, उदाहरण तसंच राहिलं. ते वाचणारे बहुतेक जण ‘वरिष्ठाच्या हुकमावरून’ या शब्दांपाशी थांबतात. खरी मेख पुढच्या तीन शब्दांत आहे: कायद्याच्या आज्ञेला धरून.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात संचारबंदी मोडून लाखो लोक रस्त्यावर आले. तेव्हा बांगलादेशच्या लष्करप्रमुखांनी आपल्या अधिकाऱ्यांशी बोलून, नागरिकांवर गोळी चालवायची नाही असं ठरवल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नॅशनल गार्ड आणि मरीन उतरवले गेले. नोव्हेंबरात अमेरिकेच्या सहा लोकप्रतिनिधींनी एका व्हिडिओत सैनिकांना ‘बेकायदा हुकूम नाकारता येतो’ याची आठवण करून दिली आणि मोठा वाद पेटला. अशा वेळी आपल्याकडेही दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सैनिकाने हुकूम पाळायचा, बाकी विचार त्याचा नाही. दुसरं म्हणतं, सदसद्विवेकाला पटलं नाही तर बंदूक खाली ठेवावी. आपल्या कायद्याला ही दोन्ही मतं मान्य नाहीत.

लष्कर रस्त्यावर येतं कसं

मोर्चा, बंद, दंगल हे मुळात पोलिसांचं काम. लाठी, अश्रुधूर, मग राज्य राखीव पोलीस दल अशी ती चढण असते. मुंबईचा हुतात्मा चौक ज्या गोळीबाराची आठवण देतो तो पोलिसांचाच होता. सैन्य ही शेवटची पायरी आणि ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ ते १५१ मध्ये बांधून दिलेली आहे. कायद्याच्या भाषेत ‘सशस्त्र दलां’मध्ये भूदल, नौदल, हवाई दल येतात, तसंच केंद्राची सीआरपीएफसारखी दलंही येतात. राज्य राखीव पोलीस दल त्यात येत नाही.

आधी जमावाला पांगण्याचा आदेश द्यावा लागतो. तो कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. समोर ‘बेकायदा जमाव’ हवा किंवा शांतता भंग करेल असा पाच किंवा अधिक लोकांचा जमाव हवा. बेकायदा जमाव म्हणजे जबरदस्ती, मोडतोड, गुन्हा असा समान हेतू घेऊन जमलेले पाच किंवा अधिक लोक. सरकारला नकोशा घोषणा दिल्या म्हणून जमाव बेकायदा होत नाही.

लोक हटले नाहीत, दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हटत नाहीत आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी त्यांना हटवणं आवश्यक आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच कलम १४९ लागू होतं. तेव्हा जागेवर हजर असलेला जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपला कलेक्टर, किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी लष्करी अधिकाऱ्याला मागणी करतो. प्रत्यक्षात ही मागणी ठरावीक नमुन्यात लेखी घेतली जाते आणि प्रत्येक कॉलमबरोबर, म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या सैनिकांच्या तुकडीबरोबर, एक दंडाधिकारी असावा असा प्रयत्न असतो. वीज मंडळाचा वायरमन ‘लाइन क्लिअर’चं परमिट हातात आल्याशिवाय खांबावर चढत नाही. साहेब फोनवर कितीही म्हणोत, लाइन बंद आहे. कागद असला की लाइन कोणी, कधी, कुठून कुठपर्यंत बंद केली हे ठरतं. दंडाधिकाऱ्याच्या सहीचंही तेच.

इथे एक गोष्ट जवळजवळ सगळेच चुकतात. दंडाधिकारी सांगतो ते ‘जमाव पांगवा’ असं. ‘गोळी चालवा’ असं नाही. कसं पांगवायचं हे कायद्याने लष्करी अधिकाऱ्यावर सोडलं आहे आणि लगेच त्याचे हातही बांधले आहेत: कमीत कमी बळ, कमीत कमी इजा, जमाव पांगवायला लागेल तेवढंच. सैनिकांची नुसती रांग पाहून जमाव हटला तर काम झालं. त्यामुळे ‘कलेक्टरनी सांगितलं म्हणून आम्ही दहा राउंड मारले’ हा बचाव उभा राहत नाही. जमाव पांगवायचा की नाही याची जबाबदारी एकाची, त्यासाठी किती बळ वापरायचं याची दुसऱ्याची.

दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल तर कलम १५० खाली अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. पण तो कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारी हवा. हवालदाराला किंवा जवानाला हा अधिकार नाही. आणि संपर्क झाला की त्या क्षणापासून दंडाधिकाऱ्याचं ऐकायचं.

या यंत्रणेची उलटी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत लष्कर बोलावलं गेलं, पण त्याचा परिणामकारक वापर कसा करायचा याचे आदेश निघण्यात चार मोलाचे दिवस गेले, असा ठपका श्रीकृष्ण आयोगाने ठेवला. कागद वेळेवर न येणं हेही माणसांच्या जिवावर बेततं.

गोळीबाराची पद्धत लिहून ठेवलेली आहे

२७ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागा पीपल्स मूव्हमेंट या मानवाधिकार संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात लष्कराची स्वतःचीच ‘काय करावं, काय करू नये’ ही यादी न्यायालयाने उद्धृत केली आणि ती बंधनकारक ठरवली. जमावावर गोळी चालवण्याची वेळ आलीच तर काय करायचं, ते त्या यादीत आहे. ते वाचताना पुष्कळांचे गैरसमज गळून पडतात.

पहिलं, इशारा. तो स्थानिक भाषेत द्यायचा आणि गोळी खरी असेल, नेम धरून असेल, हे त्यात स्पष्ट सांगायचं. इशाऱ्याआधी बिगुल वाजवून किंवा अन्य मार्गाने लोकांचं लक्ष वेधायचं. दहा हजारांच्या कोलाहलात भोंग्यावरचं एक वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि न पोचलेला इशारा हा इशाराच नव्हे.

मग सैनिकांची छोट्या तुकड्यांत विभागणी आणि प्रत्येक तुकडीला नेमलेला कमांडर. गोळी सुटणार ती त्याच्या तोंडी हुकमावर. याचं कारण रस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पहिली गोळी सुटली की शेजारच्या जवानाला वाटतं हुकूम झाला, तो झाडतो, त्याचं पाहून तिसरा. हुकूम नक्की कोणाचा हे नेमलेलं नसेल तर एका घाबरलेल्या बोटाचा गोळीबार होतो.

नेम कुठे? प्रत्यक्ष दंगल करणाऱ्या किंवा चिथावणाऱ्या पुढच्या लोकांवर. मागच्या दाटीत गोळी घालायची नाही. तिथे बघे असतात, अडकलेले असतात, दुकानाचं शटर ओढणारे असतात. आणि नेम खाली धरायचा. ‘आधी हवेत झाडा ना’ असं आपण सहज म्हणतो. पण हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला लागते, आणि जमावाला वाटतं की हे नुसतंच घाबरवतायत. मग पुढची गोळी अधिक रक्त घेते.

लाइट मशीनगन आणि मध्यम मशीनगन राखीव ठेवायच्या. किती राउंड झाडले ते मोजून लिहायचं. हेतू साधला की त्या क्षणी गोळीबार थांबवायचा. आणि लगेच जखमींना उचलायचं. ‘करू नये’च्या यादीत जमावाशी झटापट नको, स्त्रिया-मुलांना वाईट वागणूक नको, जातीय-धार्मिक पक्षपात नको, अंदाधुंद गोळीबार नको, असं सरळ लिहिलेलं आहे.

हीच फूटपट्टी जालियनवाला बागेला लावून पाहा

१३ एप्रिल १९१९. जनरल डायर पन्नास रायफलधारी घेऊन बागेत शिरला. इशारा नाही. गोळीबार सुमारे दहा मिनिटं. रोख जिथे गर्दी दाट तिथे. एकूण १,६५० राउंड. सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत. लोकांच्या मते कितीतरी अधिक. जखमींसाठी काहीही केलं नाही.

नंतर चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे मुंबईचे नामवंत वकील चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं, वाट रुंद असती आणि चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या, तर मशीनगनने गोळीबार केला असतास का? बहुधा हो, असं उत्तर त्याने दिलं. नुसता जमाव पांगवणं हा आपला हेतू नव्हता, पंजाबभर वचक बसवायचा होता, हेही त्याने लपवलं नाही. सगळं प्रकरण इथेच उघडं पडतं. गर्दी पांगवण्यापुरतं बळ कायद्याच्या आत बसतं. धडा शिकवण्यासाठी वापरलेलं बळ ही शिक्षा असते आणि शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम आहे. डायरला नोकरी सोडावी लागली. फौजदारी खटला त्याच्यावर कधीच चालला नाही.

कायदेशीर हुकूम म्हणजे कोणता

१९५० च्या लष्कर कायद्याचं कलम ४१ हुकूम मोडण्याला शिक्षा सांगते. वरिष्ठाने समक्ष दिलेला हुकूम जाणूनबुजून धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कैद. पण कलमात ‘हुकूम’ या शब्दामागे एक विशेषण आहे: कायदेशीर. सैनिक शपथ घेतो तीही आधी संविधानाशी निष्ठेची, आणि मग, जिवावर बेतलं तरी अधिकाऱ्यांचे हुकूम पाळीन, अशी. शपथेत पणाला लागतो तो त्याचा स्वतःचा जीव, समोरच्या निःशस्त्राचा नाही.

मग प्रत्येक हुकूम कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहायचा का? नाही. औषधाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. दुकानदार डॉक्टरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर वाद घालत नाही. ही गोळी की ती, सकाळी की रात्री, ते डॉक्टर जाणे. पण तान्ह्या मुलाच्या चिठ्ठीवर दहापट डोस दिसला तर तो औषध देत नाही, आधी फोन करून विचारतो. तरीही दिलं आणि मूल दगावलं, तर ‘चिठ्ठीवर होतं’ म्हणून त्याची सुटका होत नाही. चूक इतकी ढळढळीत असते, की ती ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

सैनिकापुढे येणारे बहुतेक हुकूम पहिल्या जातीचे असतात. या चौकात थांबा, रस्ता अडवा, संचारबंदी राबवा. दगडफेक सुरू आहे, समोरून पेट्रोल बाँब येतायत, इशारा देऊन झालाय आणि कमांडर म्हणतो ‘एक राउंड, समोरच्या त्या माणसावर’. ही वेळ बरोबर होती का, दोन मिनिटं थांबता आलं असतं का, हा प्रश्न नंतर अधिकाऱ्याला विचारला जाईल. जवानाने हुकूम पाळायचा.

दुसरी जात वेगळी. पळणाऱ्यांच्या पाठीत गोळ्या घाला. हात वर केलेल्याला संपवा. पकडलेल्यांना पोलिसांकडे देऊ नका, ‘निकाल लावा’. जखमींना नेणारी रुग्णवाहिका अडवा. यातलं काहीही जमाव पांगवण्यासाठी लागत नाही. असा हुकूम पाळणाऱ्याला कलम १४ ची ढाल मिळत नाही, कारण तो ‘कायद्याच्या आज्ञेला धरून’ नसतो.

ही रेघ सगळ्यात ठसठशीत ओढली गेली ती इस्रायलमध्ये. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी कफर कासिम गावात संचारबंदीची वेळ अचानक संध्याकाळी ५ वर आणली गेली. शेतावर, कामावर गेलेल्या गावकऱ्यांना ते कळलंच नव्हतं. परतणाऱ्यांना सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. जवळपास पन्नास जण मेले, त्यांत बायका आणि मुलं होती. आसपासच्या गावांत हाच हुकूम असताना काही अधिकाऱ्यांनी लोकांना घरी जाऊ दिलं. न्यायालयाने म्हटलं की उघड बेकायदा हुकमावर काळा झेंडा फडकत असतो, ‘मनाई’ असं सांगणारा. तो दिसण्यासाठी कायदा शिकलेला असावा लागत नाही. दोषी ठरलेले मात्र काही वर्षांतच सुटले, हेही त्याच इतिहासात आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, मुंबईतल्या एका बनावट चकमकीच्या प्रकरणात पोलिसांचा जामीन रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवताना, नाझी अधिकाऱ्यांच्या न्युरेंबर्ग खटल्यांचा दाखला दिला होता. वरिष्ठाने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणून खुनाच्या आरोपातून सुटता येणार नाही, असं बजावलं होतं. तो इशारा पोलिसांना होता, पण तत्त्व गणवेश बघत नाही.

चुकीला माफी कुठे आहे, तेही पाहू. धुरात समोरच्याच्या हातातली बाटली जवानाला ग्रेनेड वाटली, ही वस्तुस्थितीची चूक. प्रामाणिक असेल तर कायदा ती समजून घेतो. ‘साहेब म्हणाले की मारलं तरी चालतं असं मला वाटलं’ ही कायद्याविषयीची चूक. तिला माफी नाही.

सैनिक असा विचार करू लागला तर लष्कर चालेल का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. टेकडीवर चढाई करताना प्रत्येकाने कारण विचारलं तर तुकडी मरते. म्हणूनच कायदा संशयाचा फायदा हुकमाला देतो. शंका असेल तर पाळा. शंकेला जागाच नसेल तर पाळू नका. शिवाय शत्रूच्या चौकीसमोरची परिस्थिती आणि आपल्याच गावच्या बाजारपेठेतली परिस्थिती एक नाही. बाजारपेठेत लष्कर येतं ते दंडाधिकाऱ्याला मदत करायला. त्याच्या कायद्याच्या पलीकडचा कोणताही अधिकार ते सोबत घेऊन येत नाही.

नकार दिला तर काय होतं

नकार कसा दिला जातो यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. एकट्याने दिलेला नकार कलम ४१ खाली तपासला जातो आणि तिथे ‘हुकूम कायदेशीर होता का’ हा प्रश्न विचारता येतो. चौघांनी मिळून ठरवून दिला तर तो कलम ३७ खालच्या बंडाकडे झुकतो आणि त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. जागा सोडून निघून जाणं, हत्यार टाकणं हे आणखी वेगळे गुन्हे. म्हणून शहाणपणाची वाट अरुंद आहे. हुकूम मोठ्याने परत म्हणून खात्री करून घ्यायची. शक्य असेल तर वायरलेसवर किंवा लेखी मागायचा. ‘समोर कोणी हल्ला करत नाहीये, साहेब’ असं स्पष्ट शब्दांत सांगायचं. हत्यार हातात, जागा तीच, बाकी सगळे हुकूम पाळायचे. फक्त ती एक गोळी झाडायची नाही. आणि पहिल्या संधीला वरच्या अधिकाऱ्याला कळवायचं. पुष्कळदा हुकूम मोठ्याने परत उच्चारला, की तो देणाराच भानावर येतो.

किंमत मात्र मोजावी लागू शकते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. गोळीबार मग दुसऱ्या सैनिकांकडून झालाच. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी कोर्ट मार्शलमध्ये गढवालींची बाजू मांडली. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, सुटका १९४१ मध्ये. १९८९ मध्ये बीजिंगमध्ये आंदोलकांवर सैन्य नेण्याचा तोंडी हुकूम न मानणाऱ्या चिनी मेजर जनरल शू छिनश्यान यांना पाच वर्षांची कैद झाली. नकार योग्य असणं आणि नकार देणारा सुरक्षित असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवानाला कायदा शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे त्याला प्रामाणिकपणे सांगायला हवं.

‘अफ्स्पा’ असेल तर सगळं माफ?

सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, म्हणजे १९५८ चा ‘अफ्स्पा’, ‘अशांत’ जाहीर केलेल्या भागातच लागू होतो. त्याच्या कलम ४ नुसार पाच किंवा अधिक जणांच्या जमावबंदीचा आदेश मोडणाऱ्यावर, योग्य इशारा देऊन, जीव जाईपर्यंत बळ वापरता येतं. अधिकार प्रचंड आहे. इथे दंडाधिकाऱ्याच्या मागणीची वाट पाहावी लागत नाही आणि हा अधिकार अगदी नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यालाही, म्हणजे हवालदार-नाईकालाही, आहे. तरीही वर सांगितलेली बंधनकारक यादी मुळात याच कायद्याच्या खटल्यातली. ८ जुलै २०१६ रोजी मणिपूरच्या प्रकरणात न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळित यांनी आणखी स्पष्ट केलं: अशांत भागातही अवाजवी किंवा सूड म्हणून वापरलेलं बळ चालणार नाही, आणि त्यातून सुटका देणारं सरसकट कवच कोणालाही नाही.

मग खटले का उभे राहत नाहीत

कारण दाराशी एक कुलूप आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल सशस्त्र दलातल्या माणसावर खटला भरायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अफ्स्पातही तीच अट. हेतू समजण्यासारखा आहे. कर्तव्य करणाऱ्या जवानाला प्रत्येक तालुक्यात खोट्या फिर्यादींमागे धावायला लागू नये. पण कुलूप उघडतच नसेल तर? जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की २००१ पासून जम्मू-काश्मीरमधून परवानगीसाठी ५० प्रकरणं आली, ४७ नाकारली, ३ प्रलंबित. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधल्या ओटिंगजवळ खाणकामगारांना घेऊन परतणाऱ्या गाडीवर लष्कराच्या तुकडीने गोळीबार केला. राज्य पोलिसांनी ३० लष्करी जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने २०२३ मध्ये परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही थांबवली. परवानगी मिळाली तर ती पुढे नेता येईल, एवढीच वाट उघडी ठेवून.

परवानगी नाकारताना सविस्तर, तपासता येतील अशी कारणं देणं सक्तीचं असायला हवं. त्यात दोषी नसलेल्या जवानाचंही हित आहे, कारण आज त्याचंही नाव कधीच पूर्ण साफ होत नाही.

तोवर नागरिकाच्या हातात उरतात ते साधे प्रश्न. लष्कराच्या किंवा केंद्रीय दलाच्या गोळीबाराची बातमी आली, की पहिल्या दिवशीच विचारावे असे. जागेवर दंडाधिकारी कोण होता आणि मागणीच्या कागदावर सही किती वाजताची आहे? इशारा कोणत्या भाषेत, कशावरून दिला? गोळीचा तोंडी हुकूम कोणत्या कमांडरचा? नोंदवहीत किती राउंड आहेत आणि रस्त्यावर पुंगळ्या किती सापडल्या? जखमा पुढून आहेत की पाठीमागून? आणि पहिला जखमी दवाखान्यात किती वाजता पोचला, कोणाच्या गाडीतून?